वाचकांचे प्रश्न: समुद्रतळावरचे प्राणी आणि त्यांच्या पोटातलं प्लॅस्टिक

मायक्रोप्लॅस्टिक म्हणजे ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकडे आणि धागे. तळावर राहणाऱ्या समुद्री प्राण्यांच्या पोटात ते कसे जातात, याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : प्लॅस्टिक तर पाण्यावर तरंगतं. मग ते तळावरच्या प्राण्यांपर्यंत पोचतं कसं? (पुणे)

सगळं प्लॅस्टिक तरंगत नाही. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०२५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर असते. पिशव्यांचं पॉलिथीन (०.९१ ते ०.९७) आणि दोरखंडांचं पॉलिप्रॉपिलीन (सुमारे ०.९०) हलकं आहे. पण नायलॉन १.१४, बाटल्यांचं आणि कपड्यांचं पॉलिएस्टर १.३८ आणि पीव्हीसी १.३ ते १.४ आहे. ही तिन्ही आपल्या वजनानेच बुडतात. तंगुसाचा तुटलेला तुकडा किंवा पॉलिएस्टरच्या साडीतून धुताना निघालेला धागा तळाशी जाणारच.

हलकं प्लॅस्टिकही कायम वर राहत नाही. त्यावर आधी जीवाणूंचा आणि शेवाळाचा थर चढतो, मग बारीक शिंपले नि बार्नॅकल (खडकांना, होड्यांना चिकटणारे कवचाचे प्राणी) बसतात आणि तुकडा जड होतो. वरच्या थरातले प्राणीप्लवक (पाण्याबरोबर वाहणारे बारीक प्राणी) कण गिळतात आणि त्यांच्या विष्ठेच्या गोळ्यांबरोबर तो कण खाली जातो. खाडीत आणखी एक गोष्ट घडते. नदीचं गोडं पाणी खाऱ्याला मिळतं तिथे चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. प्लॅस्टिक त्या पुंजक्यांत अडकून गाळात बसतं. म्हणून खाडीचा गाळ तपासल्याशिवाय फक्त पाण्यावरचं प्लॅस्टिक मोजलं, तर चित्र अर्धंच दिसतं.

तळाशी गेलेलं सगळीकडे सारखं पसरतही नाही. २०२० मध्ये इटलीच्या पश्चिमेकडच्या तिऱ्हेनियन समुद्रात केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. तळालगतचे प्रवाह जिथे गाळ आणून टाकतात, तिथे ५ सेंटिमीटर जाडीच्या थरात दर चौरस मीटरला १९ लाखांपर्यंत कण सापडले. तळावरच्या प्राण्यांचं अन्नही हेच प्रवाह आणतात. प्राणी जिथे दाटीने राहतात तिथेच प्लॅस्टिकही साचतं, आणि काळजीचं खरं कारण हे आहे.

प्रश्न : तळावरचे कोणते प्राणी सर्वांत जास्त प्लॅस्टिक खातात? ते मुद्दाम खातात का? (अलिबाग)

प्राण्याच्या नावापेक्षा तो कसा खातो आणि त्याचं पोट कसं आहे, हे आधी विचारावं.

पहिला गट गाळ खाणाऱ्यांचा : वाळूतले किडे, समुद्रकाकड्या, काही गोगलगायी. हे गाळ गिळतात, त्यातला सेंद्रिय भाग पचवतात आणि उरलेलं टाकतात. यांना निवड करता येत नाही असं वाटेल, पण २००९ मध्ये समुद्रकाकड्यांवर झालेल्या प्रयोगात उलट दिसलं. वाळू आणि प्लॅस्टिक मिसळून दिल्यावर त्यांनी वाट्याला यायला हवं होतं त्याच्या कित्येक पट प्लॅस्टिक उचललं. त्यांचे तोंडाभोवतीचे शुंडक लांबट, पकडीत येणारे तुकडे आधी उचलतात, आणि नायलॉनचा तुकडा नेमका तसाच असतो.

दुसरा गट पाणी गाळणाऱ्यांचा : तिसऱ्या, कालवं, शिनाणे. ते गिलांवर (कल्ल्यांवर) कण अडकवतात, पण सगळे गिळत नाहीत. नको असलेले चिकट पदार्थात गुंडाळून तोंडात न घेताच बाहेर टाकतात. त्यामुळे शिनाण्यात कमी कण सापडले म्हणजे आसपासचं पाणी स्वच्छ आहे, असं ठरत नाही. मोठे कण आणि लांब धागे ते जास्त नाकारतात, बारीक कण जास्त आत जातात.

तिसरा गट मेलेलं खाणारे आणि शिकारी : खेकडे, शेवंड, कोळंबी. यांच्याकडे प्लॅस्टिक दोन वाटांनी जातं. एक, खाल्लेल्या प्राण्याच्या पोटातून. दुसरी वाट फारशी कोणी लक्षात घेत नाही, ती म्हणजे श्वासाची. युरोपातल्या किनारी खेकड्यावर २०१४ मध्ये झालेल्या प्रयोगात पाण्याबरोबर ओढले गेलेले सूक्ष्म गोळे गिलांत २१ दिवसांपर्यंत टिकले आणि अन्नातून गेलेले पोटात १४ दिवसांपर्यंत.

प्रश्न : खाल्लेलं प्लॅस्टिक विष्ठेतून बाहेर पडत असेल, तर प्राण्याचं नुकसान काय? (रत्नागिरी)

गोल, गुळगुळीत कण बऱ्याच प्राण्यांच्या पोटातून सरळ निघून जातो. अडचण धाग्याची आहे. याचं सर्वांत नीट अभ्यासलेलं उदाहरण स्कॉटलंडच्या क्लाइड समुद्रातलं आहे. तिथे नेफ्रॉप्स नॉर्वेजिकस नावाचा, शेवंडाच्या कुळाजवळचा सडपातळ प्राणी चिखलात बीळ करून राहतो. त्याची मासेमारी मोठ्या प्रमाणावर होते. २०११ मध्ये तिथल्या नमुन्यांत ८३ टक्के प्राण्यांच्या पोटात प्लॅस्टिक सापडलं, बहुतेक धागेच, आणि त्यांतल्या काहींचे गुंतून घट्ट गोळे झालेले.

गोळा होण्याचं कारण त्याच्या जठराच्या रचनेत आहे. या प्राण्यांच्या जठरात चुनखडीने कडक झालेल्या दातांची एक चक्की असते. ती अन्न दळते. दळलेलं अन्न पुढे केसाळ गाळणीतून जातं आणि तिच्यातून बारीक तेवढंच पुढे सरकतं. लवचीक धागा चक्कीत दळला जात नाही आणि गाळणीतून पारही होत नाही, उलट फिरून फिरून दुसऱ्या धाग्यांशी गुंततो. पॉलिप्रॉपिलीन दोराचे धागे घालून मासा खायला दिला, तेव्हा प्राण्यांनी ते गिळले पण टाकले नाहीत.

सुटकेचा एक मार्ग आहे. कात टाकताना जठराचं अस्तरही बाहेर पडतं आणि त्याबरोबर गोळा जातो. नुकतीच कात टाकलेल्यांत प्लॅस्टिक कमी सापडतं ते यामुळेच. वयात आलेल्या माद्या नरांपेक्षा कमी वेळा कात टाकतात, म्हणून त्यांच्यात साठा जास्त काळ राहू शकतो. नमुने तपासताना लिंग आणि कातीची अवस्था लिहून न ठेवणाऱ्याने पुढे दोन जागांची तुलना करू नये. जागेचा फरकही मोठा आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे क्लाइडमध्ये ८४.१ टक्के, स्कॉटलंडच्याच वायव्येकडच्या नॉर्थ मिंचमध्ये ४३ टक्के आणि उत्तर समुद्रात २८.७ टक्के प्राण्यांत प्लॅस्टिक होतं.

आठ महिने धागे खायला घातलेल्या प्राण्यांचं खाणं कमी झालं, वजन घटलं आणि साठवलेली चरबी वापरली गेली. पोट भरलेलं, पण त्यात अन्न नाही, अशी ती स्थिती.

गाळ खाणाऱ्या किड्याचंही असंच. २०१३ मध्ये आरेनिकोला या किड्याला वजनाने ५ टक्के पीव्हीसी मिसळलेल्या गाळात चार आठवडे ठेवलं, तेव्हा त्याचा ऊर्जासाठा ५० टक्क्यांपर्यंत घटला. ५ टक्के हे फार मोठं प्रमाण आहे, बहुतेक किनाऱ्यांवर इतकं प्लॅस्टिक नसतं. हा आकडा कोकणातल्या एखाद्या खाडीला जसाच्या तसा लावू नये. पण किडा गाळ उपसत राहतो म्हणून खालच्या थरांपर्यंत प्राणवायू पोचतो. त्याची हालचाल मंदावली तर त्या वाळूत राहणाऱ्या सगळ्यांना ती जाणवते.

प्रश्न : बीएस्सीच्या प्रकल्पासाठी खाडीतल्या तिसऱ्यांतलं मायक्रोप्लॅस्टिक मोजायचं आहे. कॉलेजात साधा स्टिरिओ मायक्रोस्कोप आणि ओव्हन आहे. पद्धत सांगाल का? (सावंतवाडी)

एवढ्या साधनांत चांगलं काम होतं. मर्यादा आधी ठरवा : डोळ्यांनी ओळखायचं असेल तर ०.५ मिलिमीटरपेक्षा लहान कणांवर विधान करू नका. त्याखाली शिंपल्याचा चुरा, शेवाळ आणि प्लॅस्टिक यांत भल्याभल्यांची गफलत होते.

एका जागेच्या किमान ५० तिसऱ्या घ्या, सारख्या आकाराच्या. गोळा केल्यावर लगेच बर्फावर आणि मग फ्रीझरमध्ये ठेवा. तासन्‌तास बादलीत राहिल्या तर त्या पोट रिकामं करतात. प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी काचेची बरणी वापरा. शिंपला उघडण्याआधी बाहेरून गाळलेल्या पाण्याने धुवा, आणि उघडताना आतलं पाणी सांडू देऊ नका. तेही नमुन्याचाच भाग आहे. प्रत्येकीची लांबी आणि मांसाचं ओलं वजन लिहा.

मांस विरघळवायला पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं १० टक्के द्रावण वापरा : १०० ग्रॅम पदार्थ आणि एकूण १ लिटर द्रावण. नेहमी पाण्यात हायड्रॉक्साइड थोडं थोडं टाका, उलट करू नका. द्रावण खूप तापतं. गॉगल आणि हातमोजे हवेतच. मांसाच्या वजनाच्या किमान दहापट द्रावण घालून ४० अंश सेल्सिअसला ४८ तास ठेवा, दिवसातून दोनदा हलवा. ६० अंशांवर काम एका दिवसात होतं, पण पॉलिएस्टरचे बारीक धागे त्यात झिजू शकतात. नायट्रिक आम्लाच्या वाटेला जाऊ नका. त्यात नायलॉन नाहीसं होतं आणि मासेमारीच्या गावाजवळच्या नमुन्यांत तेच तर शोधायचं असतं.

भांड्यावर काचेची बशी ठेवा. ॲल्युमिनियमची फॉइल द्रावणाला लागली तर हायड्रोजन वायू सुटतो.

विरघळल्यावर गाळताना बहुतेकांचं काम अडतं. चरबीचा साबण होतो आणि गाळणपेपर बुजतो. द्रावण कोमट असतानाच गाळा आणि गाळलेल्या गरम पाण्याने धुवा. तरीही बुजत असेल तर काचतंतूच्या पेपरऐवजी २० मायक्रॉनची (०.०२ मिलिमीटर छिद्रांची) स्टीलची जाळी घ्या. तुमची मर्यादा ०.५ मिलिमीटर आहे, तेव्हा काही बिघडत नाही. एका पेपरवर सगळं ओतण्यापेक्षा दोन-तीन पेपर वापरणं चांगलं.

वाळू खूप असेल तर संपृक्त मिठाच्या पाण्यात (लिटरभर पाण्याला सुमारे ३६० ग्रॅम मीठ) तरंगवण्याचा सल्ला मिळेल. त्याची घनता १.२ च्या आसपास असते. पॉलिथीन, पॉलिप्रॉपिलीन, नायलॉन वर येतं, पण पॉलिएस्टर आणि पीव्हीसी वाळूतच राहतं. मग प्रकल्पात 'पॉलिएस्टर नाही' असा निष्कर्ष निघतो आणि तो चूक असतो. तिसऱ्यांत वाळू मूठभरही नसते. तरंगवू नका, सगळं गाळून वाळूसकट तपासा. मीठ वापरलंच तर त्याचं पाणी आधी गाळून घ्या, कारण बाजारातल्या समुद्री मिठातही प्लॅस्टिकचे कण असतात.

मायक्रोस्कोपखाली २० ते ४० पट मोठं करून पाहा. धाग्याची जाडी शेवटपर्यंत सारखी आहे का, रंग सलग आहे का, पेशींची रचना दिसत नाही ना, हे तपासा. कापसाचा धागा चपटा आणि पीळ पडलेला दिसतो. शंका असलेल्या कणाजवळ तापवलेली सुई न्या : बहुतेक प्लॅस्टिक वितळतं किंवा आक्रसतं, कापूस करपतो. सुई टेकवण्याआधी फोटो काढा, कारण नंतर कण उरत नाही. शेवटी दहा-वीस कण तरी एखाद्या विद्यापीठात एफटीआयआर यंत्रावर (अवरक्त प्रकाशाने पदार्थ ओळखणारं यंत्र) तपासून घ्या.

ही खटपट का, ते एका आकड्यावरून कळेल. २०२० मध्ये सहा महासागरी क्षेत्रांतल्या पृष्ठभागाच्या पाण्यातले सुमारे २,००० धागे यंत्राने तपासले गेले. त्यांतले फक्त ८.२ टक्के कृत्रिम निघाले. बाकीचे कापूस, लोकर अशा नैसर्गिक मूळाचे, अनेक रंगवलेले. नुसत्या डोळ्यांनी मोजणाऱ्याने ते सगळे प्लॅस्टिक म्हणून लिहिले असते.

पद्धत आपल्या हाताला बसली आहे की नाही, हेही तपासता येतं. जुन्या जाळ्याचे आणि बाटलीच्या झाकणाचे ०.५ ते १ मिलिमीटरचे २० रंगीत तुकडे करा, एका नमुन्यात टाका आणि सगळी कृती करा. १८ परत मिळाले तर पद्धत चांगली. १२ मिळाले तर गळती कुठे होते ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेले तुकडे हे नेहमीचं कारण असतं. तीनदा खळबळून धुवा.

जाता जाता : हीच पद्धत जवळ्यावर किंवा कोळंबीवर वापरायची असेल तर पोटाची नळी वेगळी काढून तेवढीच विरघळवा. कवचातलं कायटिन या द्रावणात विरघळत नाही आणि पेपरवर पारदर्शक पापुद्र्यांचा ढीग पडतो.

प्रश्न : आमच्या कोऱ्या नमुन्यांतही निळे धागे सापडले. आता सगळं काम वाया गेलं का? (कोल्हापूर)

नाही. कोऱ्या नमुन्यात, म्हणजे मांस न घालता केलेल्या चाचणीत, काहीच न सापडणं ही उलट शंकेची गोष्ट आहे. हवेतून धागे पडतच असतात.

प्रत्येक तुकडीबरोबर किमान तीन कोरे नमुने चालवा : तेच द्रावण, तेवढाच वेळ, फक्त मांस नाही. समजा तिघांत १, २ आणि ३ धागे मिळाले. सरासरी २, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरले आहेत त्याचं माप) १. सरासरीत विचलनाची तिप्पट मिळवली की ५ येतात. ज्या नमुन्यात ५ किंवा कमी धागे आहेत, त्याबद्दल 'सापडले' असं म्हणता येणार नाही. तिसऱ्यांत धागे थोडेच असतात, म्हणून एकेक तिसरी तपासण्यापेक्षा पाच-पाच एकत्र विरघळवल्या तर खरी संख्या या रेषेच्या वर येते. हिशेब रंग आणि आकारानुसार वेगळा ठेवा. निळे धागे कोऱ्यात असतील तर निळ्या धाग्यांवर बंधन येईल, हिरव्या तुकड्यांवर नाही.

धागे कमी करायचे तर पंखा बंद, खिडक्या बंद, टेबल ओल्या सुती कापडाने पुसलेलं, आणि अंगात सुती ॲप्रन, तोही ठळक रंगाचा, म्हणजे त्याचा धागा लगेच ओळखू येतो. पॉलिएस्टरचा ओढणी-दुपट्टा बाहेर काढून ठेवावा. सगळी द्रावणं वापरण्याआधी गाळावीत.

प्रश्न : तिसऱ्या, कोळंबी, खेकडे खायचे की नाही? स्वयंपाकात काही काळजी घेता येते का? (ठाणे)

खायला हरकत नाही, आणि काळजी घेता येते. गोव्यात साळ नदीच्या मुखाजवळ झालेल्या अभ्यासात पाणी, गाळ, मासे आणि शिंपले या सगळ्यांत कण सापडले आहेत, तेव्हा आपल्याकडचे शिंपले अपवाद नाहीत. पण प्रमाण पाहा. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१६ मध्ये अंदाज केला तो असा : २२५ ग्रॅम शिनाण्यांच्या एका जेवणातून सुमारे ७ मायक्रोग्रॅम प्लॅस्टिक पोटात जाईल. स्कॉटलंडमधल्या २०१८ च्या अभ्यासात ब्रिटनमधल्या माणसाला वर्षभरात शिनाण्यांतून सुमारे १२३ कण मिळतात असं निघालं, तर जेवताना घरातल्या धुळीतून ताटात पडणारे धागे वर्षाला १३,७३१ ते ६८,४१५. अन्न झाकून ठेवणं ही आपल्या स्वयंपाकघरातली सवय इथेही उपयोगी आहे.

कोळंबीचा काळा दोरा काढा. ती आतड्याची नळी आहे आणि प्लॅस्टिक असलंच तर बरंचसं तिथे आणि डोक्यातल्या जठरात असतं. खेकडा साफ करताना पाठीचं कवच काढल्यावर दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या करड्या, पिसांसारख्या गिलांची पानं आणि तोंडामागची जठराची पिशवी टाका. जवळा अख्खा खाल्ला जातो, तिथे हा मार्ग नाही. तो निवडताना दिसणारे रंगीत धागे मात्र काढता येतात.

तिसऱ्या वाळू सोडण्यासाठी पाण्यात ठेवतात, त्यात थोडी सुधारणा करा. साधं पाणी नको, लिटरला २५ ते ३० ग्रॅम मीठ घाला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर तिसऱ्या तोंड मिटून बसतात, म्हणून पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरा. पसरट भांड्यात एकच थर लावा आणि खाली स्टीलची जाळी ठेवा, म्हणजे टाकलेलं खाली बसतं आणि त्या ते परत ओढून घेत नाहीत. दोन ते चार तास पुरेत. हवेशिवाय जास्त वेळ ठेवल्या तर मरतात, आणि मेलेली तिसरी प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी धोक्याची.

याने सगळं जात नाही. युरोपात तीन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवल्यावर शिनाण्यांतलं प्रमाण ग्रॅममागे ०.३६ कणांवरून ०.२४ वर आलं. पोटातले कण निघाले, पण काही मायक्रॉनचे कण आतड्याच्या भिंतीतून रक्तद्रवात गेल्याचं २००८ मध्येच प्रयोगात दिसलं होतं, आणि ते ४८ दिवसांनंतरही तिथे होते.

प्रश्न : मारियाना गर्तेतल्या प्राण्यालाच प्लॅस्टिकचं नाव दिलं म्हणतात, ते खरं का? (नाशिक)

खरं आहे. २०२० मध्ये वर्णन झालेल्या या ॲम्फिपॉडचं (कोळंबीच्या दूरच्या नात्यातल्या कवचधारी प्राण्याचं) नाव युरिथिनीस प्लॅस्टिकस. तो मारियाना गर्तेत ६,००० मीटरपेक्षा खोलवर सापडला आणि एका नमुन्याच्या पोटात पॉलिएस्टरशी जुळणारा, सुमारे ०.६५ मिलिमीटर लांबीचा धागा होता. त्याआधी २०१९ मध्ये पॅसिफिकच्या कडेच्या सहा गर्तांतले ९० ॲम्फिपॉड तपासले गेले होते आणि ६५ जणांत मानवनिर्मित धागे किंवा तुकडे मिळाले. आमिष लावलेल्या सापळ्यात पकडल्यावर प्राणी तिथेच काहीतरी खाऊ शकतो, म्हणून संशोधकांनी मुद्दाम आतड्याचा मागचा भाग तपासला.

प्रश्न : जाळी दुरुस्त करताना तुकडे समुद्रात पडतातच. एवढ्याने काय फरक पडतो? (हर्णै)

पडतो. तंगूस आणि नायलॉन बुडतं, आणि तुम्ही जिथे जाळं ओढता तिथल्याच गाळात बसतं. क्लाइडमधल्या प्राण्यांच्या पोटातले धागे तपासले, तेव्हा त्यांत मासेमारीच्या दोरांशी जुळणारे धागे होते. तिथे मासेमारीही दाट आहे.

दुरुस्ती होईल तितकी जेटीवर, ताडपत्री अंथरून करा आणि शेवटी ताडपत्री झटकू नका, तुकडे गोळा करून पोत्यात भरा. होडीवर एक तोंड बांधता येईल असं पोतं कायम ठेवा. दोर कापल्यावर टोक लगेच तापवून बंद करा, नाहीतर ते विसविशीत होऊन धागे सोडत राहतं. ट्रॉल जाळ्याखाली तळावर घासू नये म्हणून बांधलेले पॉलिथीन दोरांचे झुबके सर्वांत जास्त झिजतात. ते अर्धे झिजेपर्यंत वाट न पाहता बदला आणि जुने झुबके पोत्यात टाका. जिथे दोर गंजलेल्या रुळावरून किंवा खडबडीत कडेवरून ओढला जातो, ती जागा घासून गुळगुळीत करा. दोरही जास्त टिकेल.